एक वाजून दहा मिनिटं

सोहार बंदराच्या मागे, पंपघराच्या माडीवर
मी एसीत बसून नियम लिहितो.
कुठलं तिकीट कुठून कुठे सरकेल,
कुणाच्या हातून, कुठला रकाना भरल्यावर.
बाहेरची दुपार मला कळते
ती काचेवर साचलेल्या घामातून,
तोही पलीकडच्या बाजूचा.

जूनमध्ये हुकूम आला:
साडेबारा ते साडेतीन, उन्हात काम नाही.
मी तो एका ओळीत बसवला.
'चालू'कडून 'बंद'कडे जाणाऱ्या वाटेवर
एक पहारेकरी उभा केला.
कामाची वेळ त्या तीन तासांतली निघाली
की लाल अक्षरं, आणि मागे फिर.
जुलैचा अहवाल इतका स्वच्छ आला
की साहेबांनी पाठ थोपटली
आणि मला वाटलं, उन्हानं माझं ऐकलं.

ऑगस्टात एका व्हॉल्व्हचा नंबर शोधताना
चव्वेचाळीसशे सतराचा इतिहास उघडला गेला.
आधी: तेरा-दहा.
नंतर: पंधरा-चाळीस.
बदलणारा: मुबीन तिसेकर.
दोन्हींच्या मध्ये चार दिवस.

पहारा वाटेवर होता.
पण तिकीट जागच्या जागी उघडून
कोपऱ्यातल्या पेन्सिलीवर बोट ठेवलं
तर वाट लागतच नाही,
लागते ती माझी.
मोरीला बोळा आणि दरवाजा सताड उघडा.
तशी आणखी सव्वीस तिकिटं सापडली.

त्याच दुपारी पेन्सिल काढून घेतली.
वेळ बदलायची तर आता एकच रस्ता,
'चालू'तून निघून 'चालू'तच परत येणारा,
कुठेही न पोचणारा,
फक्त पहारेकऱ्यासमोरून जावं लागावं म्हणून आखलेला.
मला तो फार आवडला.
कागद छापला आणि तिसेकरला गाठायला खाली गेलो.

तो गॅस्केटच्या खोक्यावर बसून
सुकटीचा डबा खात होता. हर्णैचा माणूस,
अठरा वर्षं इथे,
ईदला माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवणारा.
कागद त्यानं वाचलाच नाही.
"शफिकुल पडला तवा माज्या घड्याळात एक-दहा.
डोक्यावर पाणी वतलं, अ‍ॅम्ब्युलन्सात घातला,
आनि वर येऊन तेच लिवलं. एक-दहा.
पयल्यांदा खरंच लिवलं होतं रे.
तुज्या लाल अक्षरांनी परत पाठवलं.
चार दिस परत पाठवलं.
तिकीट बंद होईना, शिफ्टचा पगार अडकला.
मंग मी तुज्या मशीनला आवडंल तसं लिवलं."

डबा पुढे केला त्यानं. मी एक घास घेतला.
तिखट होतं.

वर आल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं.
'ही वेळ ग्राह्य नाही.'
माझंच होतं. व्याकरण निर्दोष.
जणू एक-दहाला पडणं
हा त्या पोराचा टंकलेखनातला दोष.

रात्री ती ओळ पुसली.
आता कुठलीही वेळ चालते.
एकदा लिहिलेली बदलायची तर नाव द्यायचं, कारण द्यायचं,
जुनी तिच्या शेजारीच राहते.
आणि त्या तीन तासांतली आली
तर ती कुणालाच परत पाठवत नाही,
वरच्या तिघांचे फोन वाजवते.
आकडे बिघडतील, साहेब म्हणाले.
म्हटलं, हो.

बुधवारी पहिलं आलं.
बारा-पन्नास. टाकी तीन.
कारणाच्या रकान्यात, रोमन अक्षरांत मराठी:
गालनी तुंबली. येकटाच गेलोय. पोरांना नाय नेलं.

साहेबांचा फोन वाजताना ऐकू आला,
दोनदा, मग थांबला.
मी फ्रिजमधल्या दोन बाटल्या घेतल्या
आणि दार उघडलं.
चष्मा एकदम पांढरा झाला.
जिना पावलानं चाचपत उतरलो.